पारी, सारण आणि मधली फट

यीस्टचा भरलेला केक जमला की फसला, हे त्याचा पहिला काप काढल्याशिवाय कळत नाही. बाहेरून तो फुगलेला, बदामी, तकतकीत दिसतो. कापल्यावर मात्र वरच्या कवचाखाली बोट जाईल एवढी पोकळी, तळाशी जमा झालेलं सारण आणि त्याला चिकटून कच्च्या पिठाचा ओलसर करडा पट्टा, असं पुष्कळदा दिसतं. घरी हा केक करणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी या तीन गोष्टींपाशीच येऊन थांबतात. पाककृतींमध्ये मात्र सगळा भर वेणी कशी घालायची, कडं कसं कापायचं, वरून साखरेचा पाक कसा सोडायचा यावर असतो. माझ्या मते या केकचा खरा प्रश्न पारी आणि सारण जिथे भेटतात तिथे आहे. पारी फुगत असते, हलत असते. सारण जड, ओलं आणि गोड असतं. युरोपातल्या निरनिराळ्या प्रांतांनी या एका प्रश्नावर निरनिराळे तोडगे काढले. ते तोडगे समजून घेतले, तर हाताशी असेल ते सारण घेऊन हा केक घरी नीट करता येतो.

हा भरलेला केक म्हणजे मुळातला कॉफी केक. कॉफी केकमध्ये कॉफी नसते, तो कॉफीबरोबर खायचा असतो. लोणी, दूध, अंडं आणि साखर घातलेलं यीस्टचं पीठ मध्य युरोपात कॉफी येण्याच्या कितीतरी आधीपासून मळलं जात होतं. पण ते सणासुदीचं होतं, आणि उपासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य असे. सॅक्सनीत नाताळच्या आधीच्या उपासात तेलावर भागवावं लागे. १४९१मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी पत्र पाठवून लोणी वापरायची परवानगी दिली, तेव्हा कुठे तिथल्या ड्रेस्डेन शहराच्या श्टोलेन या नाताळच्या केकला आजची चव येण्याची वाट मोकळी झाली. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना, लाइपझिग, हँबुर्ग अशा शहरांत कॉफीगृहं निघाली. १७३०च्या दशकात बाखने लाइपझिगच्या कॉफीगृहासाठी कॉफीच्या वेडावर एक अख्खी संगीतिका रचली, इतकी ती रुळली होती. कॉफी घरात शिरली, दुपारी बायकांनी एकत्र जमून कॉफी पिण्याची पद्धत पडली आणि सणाचं गोड पीठ आठवड्याच्या पाहुणचारात आलं. बोहेमिया, सायलीशिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, डेन्मार्क, स्वीडन, प्रत्येकाचा आपापला प्रकार होता. पीठ साधारण एकच, सारण आणि बांधणी मात्र वेगळी.

एकोणिसाव्या शतकात हे लोक अमेरिकेला गेले आणि आपापला केक घेऊन गेले. मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणींवर स्लोव्हेनियन कुटुंबांनी पोतीत्सा नेला, कॅन्सस सिटीत क्रोएशियन वस्तीने पोवितीत्सा, टेक्सासात चेक शेतकऱ्यांनी कोलाचे, विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात डॅनिश लोकांनी क्रिंगल. क्रिंगलला २०१३मध्ये विस्कॉन्सिनने राज्याचं अधिकृत पक्वान्न म्हणून मान्यता दिली. उत्तर कॅरोलायनातल्या मोरेव्हियन पंथीयांनी आपल्या शुगर केकच्या पिठात उकडलेला बटाटा कुस्करून घातला. त्या बटाट्यामुळे पीठ पाणी धरून ठेवतं आणि केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. हा तोडगा आजही वापरण्याजोगा आहे.

तरीही आज अमेरिकेत ‘कॉफी केक’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बेकिंग पावडर घातलेला, वर दालचिनी-साखरेचा चुरा पेरलेला, तासाभरात होणारा केक येतो. बेकिंग पावडर १८४३मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्डने तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. अमेरिकेत १८५०च्या दशकात एबेन हॉर्सफर्डने तिला फॉस्फेटची जोड दिली. यीस्टही त्याच काळात सोपं होत होतं. फ्लाइशमन बंधूंनी १८६८मध्ये सिनसिनाटीत दाबून वड्या पाडलेलं यीस्ट काढलं आणि १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते हजारो लोकांना दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी सुकं यीस्ट आलं, १९७०च्या दशकात थेट पिठात मिसळता येणारं इन्स्टंट यीस्ट. पण घरच्या स्वयंपाकघरात सोयीची लढाई बेकिंग पावडरनेच जिंकली. यीस्टचा केक बेकरीत राहिला, घरी मोजक्या सणांपुरता उरला.

या ओसरत्या काळातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४९मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात पिल्सबरी कंपनीने घरगुती भाजणीची पहिली मोठी स्पर्धा भरवली. पन्नास हजार डॉलरचं पहिलं बक्षीस इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या थिओडोरा स्मॅफील्ड यांना मिळालं, तेही यीस्टच्या पिठाच्या, सुक्या मेव्याचा चुरा आणि साखरेत घोळवलेल्या पिळांसाठी. त्यांचं पीठ फुगवण्याची रीत अशी, की ते कापडात गुंडाळून कोमट पाण्यात सोडायचं. फुगलं की ते वर येतं. पाण्यामुळे पिठाला सगळीकडून एकसारखं तापमान मिळतं आणि त्यावर कोरडी साय धरत नाही. थंड देशातल्या घरात यीस्टची मुख्य अडचण ऊब मिळण्याची, आणि एका गृहिणीने ती पाण्याच्या भांड्यात सोडवली.

आपल्याकडची अडचण नेमकी उलटी आहे. महाराष्ट्रात फुगवलेलं पीठ घरात कधी फारसं नव्हतंच. ते भट्टीवाल्याचं, बेकरीचं काम. गोव्यात पोदेराने माडाच्या सुरेवर पाव फुगवला, मुंबई-पुण्यात इराणी आणि इतर बेकऱ्यांनी पाव, बन, खारी घरोघर पोचवली. घराकडे तवा, कढई आणि मोदकपात्र होतं, ओव्हन नव्हता. त्यामुळे आजी-आईकडून हातात येणारा यीस्टचा अंदाज आपल्याकडे नाही, आणि पाककृती वाचावी तर ती थंड प्रदेशातली. ‘उबदार जागी दीड तास ठेवा’ हे वाक्य नागपूरच्या मे महिन्यात शब्दशः पाळलं तर पीठ आंबून बसतं. मग घरात ओव्हन आला तरी यीस्टचं भय उरतं. दुसरीकडे भरलेल्या पिठाचं ज्ञान मात्र आपल्याकडे मुबलक आहे. पारी किती पातळ, सारण किती कोरडं, कड कशी मिटवायची, हे करंज्या-मोदक करणाऱ्या हाताला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी पिठाकडे पाहू. एका मोठ्या कड्यासाठी माझं प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, दूध साधारण २४० मिली, अंडं एक, साखर ७५ ग्रॅम, लोणी ८० ते १०० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. खारं लोणी असेल तर मीठ निम्मं. यातली साखर मैद्याच्या पंधरा टक्के होते आणि तिथेच थांबावं, असं मी आग्रहाने सांगेन. साखर पाणी स्वतःकडे ओढते, यीस्टच्या पेशींना ते कमी पडतं आणि फुगण्याचा वेग मंदावतो. गोडवा सारणात असतो, तो पारीत पुन्हा भरण्याचं कारण नाही. दालचिनीचंही तसंच. तिच्यातलं सुगंधी द्रव्य यीस्टला मारक असतं, म्हणून ती पिठात न मळता सारणात घालतात. वेलदोडा मात्र स्वीडनमध्ये पिठातच जातो, जाडसर कुटलेला. आपल्याला ती चव ओळखीची आहे आणि या पिठाला ती शोभते.

दूध उकळून कोमट करून घ्या असं जुन्या पाककृतींत हमखास असतं. त्यामागे कारण आहे. दुधातली निवळीतली प्रथिनं तापवल्याशिवाय सोडली तर पिठाची वीण सैल करतात. पाश्चराइझ केलेल्या पिशवीतल्या दुधातही त्यांचा बराच भाग तसाच असतो. आपल्या घरात दूध आणल्याबरोबर उकळतंच, त्यामुळे ही पायरी आपसूक पार पडते. मैद्याबद्दलची तक्रार मात्र थोडी खरी आहे. बाजारच्या मैद्यात प्रथिनं बहुधा दहा-अकरा टक्के असतात, परदेशी ब्रेडच्या पिठात बारा-तेरा. भरलेल्या केकला यामुळे फार बिघडत नाही, कारण इथे पावाइतकी ताकद लागत नाही. फक्त दूध एकदम न ओतता शेवटचे दोन-तीन चमचे हात बघून घालावेत. कणीक वापरायची तर चौथा हिस्सा ठीक. चक्कीच्या पिठातला स्टार्च दळताना जास्त मोडलेला असतो, ते पाणी अधिक पितं, आणि जास्त घातलं तर पारी लाटताना तुटते.

लोणी शेवटी. पीठ आधी लोण्याशिवाय दहा-बारा मिनिटं चांगलं तिंबायचं, ते ताणल्यावर पातळ पडद्यासारखं उलगडू लागलं की मग मऊ लोणी थोडं थोडं मळत जायचं. आधीच लोणी घातलं तर ते मैद्याच्या कणांवर बसतं आणि वीण धरायला उशीर लागतो. करंजीत मोहन आधी चोळतो, कारण तिथे खुसखुशीतपणा हवा. इथे लांबणारं, धागा धरणारं पीठ हवं. घरचं पांढरं लोणी वापरणाऱ्यांनी ते आधी दाबून ताक काढून टाकावं. तूप चालतं, पण त्यात पाणी नसतं. १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप आणि चमचाभर दूध जास्त, असं धरावं. अंडं नको असेल तर त्याऐवजी तीन चमचे दूध. वरच्या तकाकीसाठी साय आणि दूध.

उन्हाळ्यात पिठाचं तापमान हा एकच आकडा सांभाळला तरी निम्मं काम होतं. मळून झाल्यावर ते २४ ते २६ अंश सेल्सिअस असावं. लोणी ३२-३५ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तापलेल्या ओट्यावर ते पिठातून बाहेर येऊन हाताला तेलकटपणा जाणवू लागतो. दूध उकळून फ्रिजमध्ये गार केलेलं घ्यावं, मैदाही तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. आणि मळून झालं की अर्धा तास बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. मला हाच मार्ग सगळ्यांत उत्तम वाटतो, हिवाळ्यातसुद्धा. आठ ते बारा तासांत यीस्ट सावकाश काम करतं, चव खोल होते, आणि मुख्य म्हणजे गार पिठातलं लोणी घट्ट असल्याने ते चिकटत नाही, कमी पिठीवर लाटता येतं. कमी पिठीचा मुद्दा पुढे फार कामाचा आहे.

आता सारणाकडे, म्हणजे मूळ प्रश्नाकडे.

पोकळी कशी पडते? ओव्हनमध्ये पारी फुगते आणि वर जाते. सारणात फुगण्याचा गुण नाही, ते जागेवर राहतं किंवा वितळून खाली येतं. त्यातलं पाणी वाफ होतं आणि ती वाफ थरांना एकमेकांपासून ढकलते. वरचं कवच आधी घट्ट होतं, आतला भाग थंड होताना बसतो, आणि दोहोंच्या मधे फट राहते. थर लाटताना मधे पिठी राहिली असेल, लोण्याचा जाड लेप असेल, गुंडाळी सैल असेल, तर फट मोठी. साट्याच्या करंजीत आपण तूप आणि तांदळाची पिठी फेसून थरांवर लावतो ते थर सुटे व्हावेत म्हणून. तोच साटा इथे नकळत तयार होतो. कच्च्या पट्ट्याचं कारण वेगळं. सारणातलं पाणी शेजारच्या पिठात उतरतं, तेवढा भाग ओला राहतो, आणि बाकी केक शिजला तरी तो शिजल्यासारखा दिसत नाही.

सगळ्यांत निर्दोष उत्तर मला स्लोव्हेनियाच्या पोतीत्सात दिसतं. या केकचा उल्लेख प्रिमोझ त्रुबारच्या १५७५च्या लिखाणात आहे, १६८९मध्ये यानेझ वायकार्ड वाल्वासॉरने क्रान्स्का या तिथल्या प्रांतावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, आणि २०२१मध्ये युरोपीय संघाने ‘स्लोव्हेनियन पोतीत्सा’ला पारंपरिक वैशिष्ट्याचं संरक्षण दिलं. २०१७च्या मे महिन्यात व्हॅटिकनमधल्या भेटीत पोप फ्रान्सिस यांनी मेलानिया ट्रम्प यांच्याशी बोलताना या केकचं नाव काढलं आणि जगभरच्या वार्ताहरांची तो काय पदार्थ हे शोधायला धावपळ झाली. सारण अक्रोडाचं, मनुकांचं किंवा टॅरॅगॉन नावाच्या ताज्या पाल्याचं. अक्रोडाच्या सारणाची रीत पाहा. अक्रोड बारीक दळतात, त्यावर गरम दूध आणि मध ओततात, अंडं घालतात. म्हणजे दळलेला अक्रोड आपलं पाणी आधीच पिऊन घेतो. पारीतून ओढायला तहानलेला राहत नाही आणि पारीला द्यायला जास्तीचं पाणीही उरत नाही. सारण कोमट असतानाच पातळ लाटलेल्या पारीवर कडेपर्यंत सारखं पसरतात, घट्ट गुंडाळतात, मधे नळी असलेल्या मातीच्या साच्यात ठेवतात आणि लांब सुईने वरून तळापर्यंत टोचतात. टोचल्याने गुंडाळताना अडकलेली हवा आणि पुढची वाफ निघून जाते. मधली नळी उष्णता आतून पोचवते, त्यामुळे जाड केकचं पोट कच्चं राहत नाही. पारी, सारण, बांधणी, भांडं, चारही बाजूंनी एकाच अडचणीचा विचार इथे झालेला आहे.

हंगेरीचा बैग्ली त्याचा नातलग, पण त्याची पारी घट्ट आणि कमी फुगणारी. सारण जवळजवळ पारीइतक्याच वजनाचं, एक लांबट गुंडाळी अक्रोडाची आणि एक खसखशीची. पारीच कमी फुगते, त्यामुळे फट पडायला वाव कमी. वरचा संगमरवरी भेगांचा नमुना अंड्याने येतो: आधी पिवळा बलक लावून वाळवायचा, मग पांढरा भाग लावून वाळवायचा, मग टोचायचं. खसखस तिथली काळसर निळी, तिचा वास आपल्या पांढऱ्या खसखशीपेक्षा उग्र. तिच्यासाठी चेक आणि हंगेरियन घरांत हाताने फिरवायची खास चक्की असते, कारण अख्खी खसखस पाणी पीत नाही आणि चवही सोडत नाही. अनारशावर आपण ती अख्खी लावतो, ते बाहेरून आहे म्हणून चालतं. केकसाठी ती मंद भाजून, साखरेबरोबर मिक्सरवर कोरडी दळून, दुधात दाट शिजवून, पूर्ण गार करून घ्यावी. करंजीचं सुकं खोबरं-खसखशीचं सारण तसंच कोरडं भरलं तर काप करताना भुरभुरतं. तेच थोड्या गरम दुधात आणि चमचाभर लोण्यात भिजवून घट्ट केलं तर पोतीत्साच्या रीतीने उत्तम बसतं. नाचणीच्या सत्त्वापासून पुरणापर्यंत सगळं यात भरून पाहण्याची हौस मात्र मला पटत नाही. पुरण मऊ असतं, त्यात पाणी भरपूर, आणि ते इथे पारीला चिकटून गिळगिळीत होतं.

बाब्काने दुसरी वाट धरली. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत शब्बाथच्या खल्ला पावाचं उरलेलं पीठ लाटून त्यावर मुरंबा किंवा दालचिनी पसरत. चॉकलेट पुढे अमेरिकेत आलं. इथे गुंडाळी सुरीने लांबीत मधोमध चिरतात आणि दोन पट्ट्यांचा पीळ घालतात, कापलेले थर वर ठेवून. थर उघडे असल्याने वाफेला वाट मिळते, मोठी पोकळी धरायला अखंड कवचच उरत नाही. भट्टीतून काढल्याबरोबर गरम केकवर गरम साखरेचा पाक ओततात. तो थरांत मुरतो आणि बारीकसारीक फटी भरून निघतात. योतम ओटोलेंगी आणि सामी तमीमी यांच्या २०१२च्या ‘जेरुसलेम’ पुस्तकातल्या चॉकलेट क्रान्त्झने आणि २०१३मध्ये न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या ब्रेड्स बेकरीच्या बाब्काने हा प्रकार जगभर पुन्हा लोकप्रिय केला, आणि घरी यीस्टकडे परतलेल्या अनेकांची सुरुवात इथूनच झाली. नवशिक्याला मी बाब्काच सुचवेन. त्यात चूक झाकली जाते. फक्त चॉकलेटचं सारण ओतण्याइतकं पातळ नको, पसरण्याइतकं दाट हवं, आणि चिरण्यापूर्वी गुंडाळी अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करून घ्यावी.

स्वीडनमध्ये सारण सगळ्यांत हलकं: मऊ लोणी, साखर, दालचिनी किंवा वेलदोडा. ४ ऑक्टोबरला १९९९पासून दालचिनीच्या बनचा दिवस साजरा होतो, पण त्याच पिठाचं आणि सारणाचं कडं किंवा लांब पट्टाही तिथल्या घरोघर होतो. गुंडाळीला कात्रीने तिरपे काप द्यायचे आणि पाकळ्या आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवायच्या. दिसायला सुरेख, आणि वाफेलाही वाट. इथे धोका साखरेचा. ती पिठातलं पाणी ओढून पाक होते आणि तळाशी वाहून जळते. साखर आणि लोणी वेगवेगळं न लावता एकत्र फेटावं, त्यात शंभर ग्रॅम साखरेला चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालावं. साखरेऐवजी गूळ घेतला तर हे प्रमाण दुप्पट, कारण गूळ ओलसर असतो आणि लवकर पाझरतो.

फळं आणि चीज यांच्यासाठी चेक लोकांची पद्धत मला अधिक पटते. कोलाचेत सारण वरच्या खोलगट वाटीत उघडं असतं. आलुबुखार, जर्दाळू, खसखस किंवा ताजं चीज, वर लोणी-साखर-मैद्याचा चुरा. ओलं सारण आत गुंडाळण्याच्या भानगडीत ते पडतच नाहीत. ताजी फळं गुंडाळीत भरू नयेत हे माझं ठाम मत आहे. सफरचंद किंवा आंबा घालायचाच तर आटवून, चमचा उभा राहील इतका दाट करून. सुके अंजीर आणि खजूर मात्र या केकसाठी उत्कृष्ट; थोड्या पाण्यात शिजवून वाटले की त्यांचा लगदा स्वतःच घट्ट असतो. जर्मनीतल्या क्वार्क या चीजला आपला चक्का फार जवळचा आहे, दोन्ही विरजलेल्या दुधाची निवळी गाळून केलेले. चक्का रात्रभर टांगलेला हवा, २०० ग्रॅमला एक बलक, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि साखर. अंडं नसेल तर कॉर्नफ्लोअर दीड चमचा. याने तो भाजताना दह्यासारखा फुटत नाही.

बीनेनश्टिष या जर्मन केकने तर प्रश्नच टाळला. वर मध, लोणी, बदामाचे काप यांचं कुरकुरीत आवरण घालून साधं पीठ भाजतात, गार झाल्यावर आडवं चिरतात आणि मग मधे व्हॅनिलाचं दाट कस्टर्ड भरतात. एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा: वरचा भाग ठेवण्यापूर्वीच त्याचे तुकडे कापून घेतात, नाहीतर सुरी बदामावर दाबताना कस्टर्ड बाजूने बाहेर येतं.

बांधणीत तीन गोष्टी पाळल्या की पुरे. लाटताना वापरलेली पिठी सारण लावण्याआधी कोरड्या ब्रशने झाडून टाकावी. पातळ सारण असेल तर पारीवर आधी फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा अगदी हलका हात फिरवावा आणि त्यावर बिस्किटाचा किंवा टोस्टचा बारीक चुरा भुरभुरवावा. पांढरा भाग थर चिकटवतो, चुरा पाणी धरतो. गुंडाळी घट्ट हवी, पण ताणून नको. ताणली तर फुगताना ती शिवणीवर उसवते. ५०० ग्रॅम मैद्याच्या पिठाला साधारण ४०×५० सेंटीमीटरची पारी आणि ३५० ते ४५० ग्रॅम सारण. पहिल्यांदा करताना कमी बाजूला राहावं.

दुसऱ्यांदा फुगवताना दुप्पट होण्याची वाट पाहू नये. दीडपट पुरे. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला की ओव्हनची वेळ झाली. लगेच उसळून आला तर अजून थांबावं, अजिबात भरला नाही तर उशीर झाला आहे, ताबडतोब भाजावं. साधा पाव थोडा जास्त फुगला तर निभावतो; भरलेल्या केकमध्ये कमजोर झालेल्या भिंतींवर सारणाचं ओझं असतं.

घरच्या ओटीजीत वरची कांडी केकच्या फार जवळ असते. कडं सर्वांत खालच्या फळीवर ठेवावं, १८० अंशांवर सुरुवात करून पंधरा मिनिटांनी १६५-१७० वर आणावं, रंग आला की वर फॉइल सैल झाकावी. कड्याला पस्तीस-चाळीस मिनिटं, साच्यातल्या उंच पोतीत्साला तासभर. तबकडीवरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर जरूर घ्यावा. आणि टोचून बघायचा दुसरा. सुरी किंवा विणकामाची सुई इथे फसवते, सारणाने ती ओली निघते आणि केक कच्चा वाटतो किंवा उलट. पारीच्या जाड भागात ९० अंश दिसले की केक झाला. साच्यातून दहा मिनिटांनी काढून जाळीवर गार करावा, नाहीतर तळाला वाफ धरते. कोमट असताना काप काढण्याचा मोह आवरावा; आतलं स्टार्च अजून बसत असतं, आणि नीट भाजलेला केकही तेव्हा चिकट वाटतो. अक्रोडाचा पोतीत्सा तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

उरलेला केक फ्रिजमध्ये ठेवणं सगळ्यांत वाईट. साधारण चार अंशांवर पावासारखे पदार्थ बाहेरच्यापेक्षा लवकर शिळे होतात. सुक्या मेव्याचा आणि दालचिनीचा केक कोरड्या हवेत डब्यात तीन दिवस चांगला राहतो, पावसाळ्यात दोन. चक्क्याचं किंवा खव्याचं सारण असेल तर त्याच दिवशी संपवावा. जास्त असेल तर काप करून, एकेक काप गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावेत आणि लागेल तसे न वितळवताच १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं गरम करावेत.